वस्तादांनीं केव्हां उतरावें?

आमचा एक पुतण्या वास्तुशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं २०२१ सालीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज शहरीं गेला. तो निघाला तेव्हां घरांतील वडील मंडळींना तीन चिंता होत्या: थंडीची, जेवणाची आणि राहण्याच्या खोलीची. पैकीं थंडीची चिंता अगदीं खरी ठरली. एके काळीं खाऱ्या झऱ्यांच्या मिठावर पोसलेलें आणि त्यावरून 'मिठाचें शहर' हें टोपणनांव मिळालेलें तें गांव आतां मिठापेक्षां बर्फासाठींच अधिक प्रसिद्ध आहे. वर्षाकांठीं तेथें सुमारें दहा फूट बर्फ पडतें. जेवणाचें त्याचें त्यानें जमविलें. खोली मात्र त्याला अशा एका घरीं मिळाली कीं, पुढें दोन वर्षें त्याच्या पत्रांतून अभ्यासाची हकीकत कमी आणि त्या घरांतील एका भांडणाची हकीकत अधिक येऊं लागली.

घर तीन पिढ्यांचें. अमेरिकेंत आजोबा, मुलगा आणि नातू एका छपराखालीं राहतात हें ऐकूनच आमच्या मातुःश्रींना त्या घराविषयीं आपलेपणा वाटूं लागला. आणि भांडण? तें इस्टेटीचें नव्हे, सासूसुनेचें नव्हे, धर्माचेंही नव्हे. गांवच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे शिक्षक जिम बेहाइम यांनीं आतां आपली जागा सोडावी कीं नाहीं, हा तो वाद! जेवणाच्या मेजावर तो निघे आणि भांडीं घासून होईपर्यंत संपत नसे.

प्रथम आम्हीं तो हंसण्यावारी नेला. पण पत्रामागून पत्र येऊं लागलें, तसतसें आम्हांला त्या भांडणांत ओळखीचे आवाज ऐकूं येऊं लागले. मग आम्हीं त्या बेहाइम गृहस्थांची हकीकत मुळापासून वाचून काढली. ती वाचकांपुढें ठेवण्यासारखी वाटली, म्हणून हा लेख.

बास्केटबॉल आपल्याकडेही आतां शाळाशाळांतून आहे. मुंबईच्या नागपाड्यांत तर तो गल्लींतला खेळ होऊन बसला आहे. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें, हिवाळ्याच्या दिवसांत मुलांनीं आंतल्या आंत काय खेळावें या अडचणींतून, जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या अडकवून तो शोधून काढला. खेळ आपल्याला ठाऊक आहे. पण अमेरिकेंत महाविद्यालयांच्या संघांमागें गांवेंच्या गांवें कशीं उभीं असतात, याची कल्पना येथें बसून सहज येत नाहीं. ज्यांनीं विद्यापीठाची पायरीही चढलेली नसते, असे सुतार, न्हावी, दुकानदार त्या संघाला 'आपला संघ' म्हणतात. खेळणारीं मुलें चार वर्षांनीं, हल्लीं तर एकदोन वर्षांनींच, निघून जातात. राहतो तो शिक्षक, ज्याला तिकडे कोच म्हणतात. आपल्या कोल्हापूरकडे मल्ल येतात आणि जातात, पण तालीम ओळखली जाते ती वस्तादाच्या नांवानें. तसेंच हें आहे. म्हणून यापुढें आम्ही वस्ताद हाच शब्द वापरूं.

बेहाइम यांचा जन्म १९४४ सालचा. गांव लायन्स, सिराक्यूजहून फारसें लांब नसलेलें. घरचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. १९६२ सालीं ते विद्यापीठांत आले ते खेळाची शिष्यवृत्ति मिळवून नव्हे; 'मलाही घेऊन पाहा' म्हणून आपण होऊन मैदानावर उभ्या राहणाऱ्या मुलांपैकीं ते एक होते. उंच, किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा. त्याच सुमारास त्या संघानें लागोपाठ २७ सामने हरण्याचा विक्रम नुकताच केला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांच्याबरोबर आलेला आणि खोलींत त्यांचा सोबती असलेला डेव्ह बिंग हा मुलगा मात्र असामान्य निघाला. पुढें धंदेवाईक खेळांत त्यानें मोठें नांव मिळविलें आणि उतारवयांत तो डेट्रॉइट शहराचा महापौरही झाला. बिंगला चेंडू पुरविणारा हा चष्मेवाला मुलगा १९६६ सालीं शिकून बाहेर पडला, १९६९ सालीं मदतनीस म्हणून परत आला आणि १९७६ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, मुख्य वस्ताद झाला. पहिल्याच मोसमांत २६ सामने जिंकले, ४ हरले. त्यानंतर सत्तेचाळीस मोसम ते त्याच जागीं होते.

या अवधींत गांवानें काय काय पाहिलें! १९८० सालीं विद्यापीठानें एक अवाढव्य घुमट बांधला, आणि बर्फांतून वाट काढीत तीस-तीस हजार माणसें तेथें बास्केटबॉल पाहावयास जमूं लागलीं. एखाद्या मोठ्या सामन्यास हा आकडा पस्तीस हजारांवरही गेला आहे. (हवा थंड करण्याचीं यंत्रें बनविणाऱ्या कंपनीचें नांव त्या घुमटाला होतें, आणि आंत तें यंत्र मात्र चाळीस वर्षें नव्हतें! आमच्या पुतण्याला वास्तुशास्त्रज्ञ या नात्यानें या गोष्टीचा फार आनंद होतो.) तेथें एक रिवाज आहे. खेळ सुरू झाला कीं सिराक्यूजचे सारे लोक उभे राहून टाळ्या वाजवूं लागतात, आणि आपल्या संघाची पहिली टोपली पडेपर्यंत कोणी खालीं बसत नाहीं. कधीं एक मिनिट, कधीं पांच. म्हातारीं माणसेंही उभींच.

विजय पुष्कळ झाले, पण सर्वांत मोठा विजय मात्र हुलकावणी देत राहिला. १९८७ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत अखेरच्या अर्ध्या मिनिटांत सिराक्यूज एका गुणानें पुढें होता. डेरिक कोलमन या पहिल्या वर्षाच्या मुलाची मोकळी फेक हुकली. इंडियानाच्या कीथ स्मार्टनें चारपांच सेकंद उरले असतां कोपऱ्याकडून चेंडू टोपलींत टाकला, आणि ७४ विरुद्ध ७३ असा सामना गेला. १९९१ सालीं तर पंधराव्या मानांकनाच्या रिचमंडकडून हार खाण्याची नामुष्की आली. दुसऱ्या मानांकनाचा संघ असा हरण्याची ती पहिलीच वेळ. १९९६ सालीं पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पराभव, या वेळीं केंटकीकडून. 'हा माणूस जिंकतो, पण जिंकावयाचें तेव्हां जिंकत नाहीं,' असें गांवांत उघड बोललें जाऊं लागलें. वस्ताद बदला अशी हांक तेव्हांही उठलीच होती, हें नंतरच्या भांडणांत दोन्ही पक्ष सोईस्करपणें विसरत असत.

मग २००३ सालचा एप्रिल उजाडला. गांव तेंच न्यू ऑर्लिन्स, घुमटही तोच. कार्मेलो अँथनी हा अठरा वर्षांचा मुलगा, जेरी मॅकनमारा हा त्याच्याच वर्गांतला दुसरा. मॅकनमारानें पूर्वार्धांतच दुरून तीनतीन गुणांच्या सहा फेकी साधल्या. शेवटीं तीन गुणांची आघाडी असतां हकीम वॉरिकच्या दोन मोकळ्या फेकी हुकल्या, आणि सोळा वर्षांपूर्वींचें भूत सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. कॅन्ससच्या मायकेल लीनें बरोबरी साधणारी फेक केली. तोंच वॉरिक कोठून कोण जाणे झेंपावला आणि त्यानें तो चेंडू हवेंतच थोपविला. ८१ विरुद्ध ७८. बेहाइम त्या वेळीं अठ्ठावन्न वर्षांचे होते. घुमटांतील मैदानाला त्यांचें नांव तर आदल्याच वर्षीं देण्यांत आलें होतें. तेव्हांपासून स्वतःच्या नांवाच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला हा गृहस्थ पंचांशीं वाद घालतांना वीस वर्षें लोकांनीं पाहिला.

त्यांची युक्ति एकच होती, आणि तीच पुढें वादाचें मूळ झाली. बहुतेक संघ बचाव करतांना माणसामागें माणूस लावतात. बेहाइम यांचा व्यूह निराळा: पुढें दोघे, मागें तिघे, आणि प्रत्येकानें आपापला प्रदेश सांभाळावयाचा, शत्रु तुमच्या प्रदेशांत आला तर तो तुमचा, पलीकडे गेला तर दुसऱ्याचा. मोठ्या घरांतील लग्नकार्यांत एकीनें कोठीघर, एकीनें पंगत, एकीनें आलें-गेलें पाहावें, तसाच हा प्रकार. उंच हातांच्या मुलांकडून त्यांनीं तो इतका घोटून घेतला कीं २०१३ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेंत इंडियानाला अवघे ५० आणि मार्केटला अवघे ३९ गुण करतां आले, आणि सिराक्यूज अखेरच्या चार संघांत पोंचला.

येथवरची गोष्ट सरळ आहे. पुढें ती गुंतत जाते.

२०१५ च्या मार्चांत एन. सी. ए. ए. या नियामक संस्थेनें आपला निकाल दिला. संघांतील कांहींना अभ्यासांत गैर मार्गानें मदत झाली, कांहींना नियमाबाहेर पैसे मिळाले, आणि वस्तादांनीं आपल्या कारभारावर नीट नजर ठेवली नाहीं, असा ठपका आला. बेहाइम यांना नऊ सामन्यांची बंदी झाली व जिंकलेल्या सामन्यांपैकीं १०१ सामने दफ्तरांतून पुसून टाकण्यांत आले. त्यामुळें मैदानावर त्यांनीं कारकीर्दींत १११६ विजय मिळविले असले तरी अधिकृत आकडा १०१५ च आहे. पुतण्याच्या घरमालकांचे वडील हा दुसरा आकडा मानीत नाहींत. स्वयंपाकघरांतील कपाटावर त्यांनीं १११६ असें लिहून चिकटविलें आहे आणि सुनेनें तें दोनदां काढलें तरी पुन्हा लावलें आहे. आम्हांला मात्र येथें सुनेचा पक्ष बरोबर वाटतो; मैदानावरील पराक्रम कितीही खरा असला तरी घरांतील गैरव्यवहाराची जबाबदारी कर्त्या माणसाची असते.

त्याच महिन्यांत असें ठरलें कीं आणखी तीन वर्षांनीं, म्हणजे २०१८ सालीं, बेहाइम यांनीं निवृत्त व्हावें. त्यांच्यामागून माइक हॉपकिन्स यांनीं गादीवर बसावें असेंही जाहीर झालें. हे हॉपकिन्स त्याच संघांतून खेळलेले आणि मग वीस वर्षें मदतनीस म्हणून राबलेले. बंदीच्या काळांत संघ त्यांच्याच हातीं होता. त्याच मोसमाच्या अखेरीस, म्हणजे २०१६ सालीं, सिराक्यूजचा दहाव्या मानांकनाचा संघ अखेरच्या चारांत जाऊन पोंचला. असा पराक्रम तोंवर कोणत्याही दहाव्या मानांकनाच्या संघानें केला नव्हता. त्या वेळीं बेहाइम उतरते तर! पण तारीख २०१८ ची होती. आणि २०१७ च्या मार्चांत हॉपकिन्स यांना वॉशिंग्टन विद्यापीठाचें बोलावणें आलें, तें त्यांनीं स्वीकारलें. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांना या गृहस्थांच्या मनाची कल्पना निराळी करून देण्याचें कारण नाहीं. किल्ल्यांचा जुडगा अगदीं हाताशीं आला असतां ते दुसऱ्या घराचे कारभारी झाले. लगेच विद्यापीठानें बेहाइम यांचा करार वाढविला, आणि २०१८ ची तारीख वाऱ्यावर उडून गेली.

आतां जेवणाच्या मेजाकडे वळूं.

आजोबा बेहाइम यांच्याच काळांत त्या विद्यापीठांत शिकलेले. बिंगला चेंडू देणारा तो चष्मेवाला मुलगा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला. त्यांचें म्हणणें असें: ज्या संघाला गांवांत कोणी विचारीत नव्हतें त्याला या माणसानें नांव दिलें. मुख्य वस्ताद झाल्यापासून पंचेचाळीस मोसमांत एकदांही त्याच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली नाहीं. दुसरीकडून मागण्या आल्या तरी तो कोठें गेला नाहीं. मिठाच्या आणि बर्फाच्या या गांवीं राहिला. अशा माणसाला 'आतां पुरे' म्हणावयाचा अधिकार कोणाला आहे? त्याचा तोच ठरवील.

मुलगा पन्नाशीच्या घरांतला. १९८७ च्या पराभवाच्या रात्रीं तो लहान होता व रडत झोंपला होता. त्याच्या मनांत कृतज्ञता पुरेपूर होती. पण तो हिशेबी माणूस असल्यामुळें आकडे पुढें करी. २०१४-१५ पासून एकही मोसम असा गेला नाहीं कीं ज्यांत दहा किंवा अधिक सामने हरले नाहींत. २०२१-२२ सालीं १६ विजय आणि १७ पराभव. पंचेचाळीस वर्षांचा तो अभिमानही गेला. आणि त्या वर्षीं वस्तादांचीं दोन्हीं मुलें, जिमी आणि बडी, संघांत होतीं, म्हणून लोकांत कुजबूज! बडी हा उत्तम नेमबाज होता, यांत शंका नाहीं. पण पित्याच्या हाताखालीं पुत्र खेळूं लागला कीं टीकाकाराला नवीन पुरावा लागत नाहीं. यावर आजोबा म्हणत, '२०१८ आणि २०२१ सालीं अखेरच्या सोळा संघांत गेलों, तें कोणाच्या व्यूहानें?' यावर मुलगा गप्प बसे, कारण तेंही खरेंच होतें.

नातवाचा जन्म विजेतेपदाच्या वर्षींचा. म्हणजे त्याला त्या विजयाची आठवण मुळींच नाहीं. आहे ती फक्त घरांत टांगलेल्या तसबिरीची. तो स्वतः शाळेच्या संघांतून खेळलेला, म्हणून त्याचें बोलणें खेळाला धरून असे. पूर्वीं दुरून फेकणारे थोडे होते, आतां संघांतले पांचही जण तीन गुणांची फेक करतात. अशा वेळीं प्रदेश सांभाळीत बसाल तर बाहेर मोकळा उभा राहिलेला माणूस तुम्हांला बुडवील, असें त्याचें म्हणणें. शिवाय २०२१ पासून नियम बदलले. विद्यार्थ्यानें एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत गेलें तरी आतां त्याला वर्षभर बाहेर बसावें लागत नाहीं, आणि स्वतःच्या नांवावर व छबीवर त्याला पैसे मिळवितां येतात. ज्या वस्तादाला मुलगा चार वर्षें हाताशीं धरून घडविण्याची संवय, त्याला हा बाजार मानवणार कसा? २०२३ च्या फेब्रुवारींत बेहाइम यांनीं वेक फॉरेस्टसह तीन विद्यापीठांचीं नांवें घेऊन, त्यांनीं आपले संघ विकत घेतले असें बोलून टाकलें आणि पाठोपाठ माफीही मागितली. 'पाहा,' नातू म्हणाला, 'त्यांना आतांचें जगच आवडत नाहीं.' आणि एकदां तो असेंही म्हणाला कीं, 'आजोबांच्या आठवणींवर आम्हीं किती दिवस जेवायचें?' त्या रात्रीं आजोबा जेवण अर्धें टाकून उठले, असें पुतण्यानें लिहिलें होतें.

या साऱ्या प्रकरणांत आम्हांला सर्वांत शहाणें बोलणें वाटलें तें त्या घरच्या सुनेचें. ती खेळ फारसा पाहत नसे. ती एवढेंच म्हणाली, 'त्यांनीं जावें कीं राहावें हें तुम्ही रोज ठरवतां. पण त्यांना तें सांगावयाचें कोणीं?'

हें वाक्य वाचून आम्ही थोडा वेळ पत्र खालीं ठेविलें. आमचे एक चुलते ऐंशी वर्षांचे होईपर्यंत घराचे हिशेब ठेवीत. चाळीस वर्षें त्यांची एक पै चुकली नाहीं. मग दृष्टि गेली, आंकडे एकाखालीं एक येईनासे झाले. घरांत सर्वांना तें ठाऊक होतें. आमचे वडील रात्रीं कंदील लावून त्यांच्या चोपड्या गुपचूप दुरुस्त करीत आणि सकाळीं पुन्हा त्यांच्या उशापाशीं नेऊन ठेवीत. असें सहा वर्षें चाललें. त्यांत एका वर्षीं जमिनीच्या पट्टीचा भरणा राहून गेला आणि घराला मोठा भुर्दंड बसला. तरीही कोणी बोललें नाहीं. आम्हींही नाहीं. वडिलांनीं केलें तें योग्य केलें असें आम्हांला पुष्कळ वर्षें वाटत असे. आतां तितकें निश्चित वाटत नाहीं. चुलत्यांना तें कळलें होतें, असें पुढें काकूंनीं सांगितलें. आपल्याला कोणी विचारीत नाहीं याचेंच त्यांना वाईट वाटत होतें.

अमेरिकेंत हा प्रश्न नवा नाहीं, आणि त्याचीं उत्तरेंही निरनिराळीं निघालेलीं आहेत. केंटकीचे अडॉल्फ रप १९३० पासून वस्ताद. चार विजेतेपदें आणि ८७६ विजय त्यांच्या नांवावर. त्यांनाही राहावयाचें होतें. पण सत्तराव्या वर्षीं निवृत्त झालेंच पाहिजे असा तेथें नियम होता, म्हणून १९७२ सालीं त्यांना जावें लागलें. नियमानें मनुष्य दुखावतो, परंतु अपमानित होत नाहीं, असें आम्हांला वाटतें. लॉस एंजेलिसचे जॉन वुडन यांनीं १९७५ सालीं, बारा वर्षांतलें दहावें विजेतेपद जिंकून, आपण होऊन निरोप घेतला. त्यांच्यामागून आलेल्या जीन बार्टो यांनीं दोन वर्षांत ५२ सामने जिंकून केवळ ९ गमावले, तरी लोकांच्या तुलनेला कंटाळून ते निघून गेले. १९८७ सालीं सिराक्यूजला हरविणारे इंडियानाचे बॉब नाइट यांना त्यांच्या तापट वर्तनामुळें २००० सालीं काढण्यांत आलें, तेव्हां विद्यार्थी रस्त्यावर आले होते. ड्यूकचे माइक शशेफ्स्की यांचें उदाहरण दोन्ही बाजूंनीं बोलतें. पहिल्या तीन मोसमांत त्यांचे विजय ३८ आणि पराभव ४७. काढा म्हणून ओरड झाली, पण विद्यापीठानें धीर धरला, आणि पुढें त्यांनीं पांच विजेतेपदें मिळविलीं. शेवटीं त्यांनीं एक वर्ष आधीं निरोपाची तारीख सांगितली, शिष्य जॉन शायर याला शेजारीं बसवून घेतलें आणि २०२२ सालीं ते गेले. त्यांचा अखेरचा सामना पराभवाचाच झाला, तरी निरोप निरोपासारखा झाला. याच शशेफ्स्की यांच्या हाताखालीं बेहाइम यांनीं २००८, २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या वेळीं मदतनीस म्हणून काम केलें होतें. जवळचा मित्र कसा उतरला हें त्यांनीं पाहिलेलें होतें.

तरी जें झालें तें असें झालें. ८ मार्च २०२३ रोजीं नॉर्थ कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो येथें सिराक्यूजचा सामना होता, आणि तोही त्याच वेक फॉरेस्टशीं. शेवटच्या क्षणीं पडलेल्या तीन गुणांच्या फेकीनें ७७ विरुद्ध ७४ असा तो गेला. मोकळा उभा राहिलेला माणूस, दुरून फेक. नातवाचें म्हणणें जसेंच्या तसें खरें झालें. सामन्यानंतर वार्ताहरांनीं विचारलें तेव्हां बेहाइम यांनीं राहतों कीं जातों याचें सरळ उत्तर दिलें नाहीं; तें विद्यापीठाच्या हातीं आहे अशा अर्थाचें कांहींतरी ते बोलले. त्यानंतर कांहीं तासांतच विद्यापीठाचें पत्रक निघालें. नवे वस्ताद म्हणून एड्रियन ऑट्री यांची नेमणूक झाली होती. हेही त्याच संघाचे जुने खेळाडू आणि २०११ पासून मदतनीस. सत्तेचाळीस वर्षांचा कारभार असा एका संध्याकाळीं संपला, आणि त्या पत्रकांत खुद्द बेहाइम यांचा एकही शब्द नव्हता.

पुतण्यानें त्या रात्रींची हकीकत लिहिली आहे. मुलगा दूरध्वनीवर कोणाशीं तरी बोलत राहिला. आजोबा लवकर निजावयास गेले. वस्ताद बदला म्हणून दोन वर्षें घसा कोरडा करणारा नातू मात्र बराच वेळ स्वयंपाकघरांत एकटाच बसून होता, आणि 'असें नको होतें' असें म्हणाला.

आमचें मत विचाराल तर नातू दोन्ही वेळां बरोबर होता. बेहाइम यांनीं २०१६ सालच्या यशानंतर, निदान ठरल्याप्रमाणें २०१८ सालीं तरी उतरावयास पाहिजे होतें. वारस निघून गेला म्हणून तारीखही मोडणें ही विद्यापीठाची चूक होती. तारीख वारसासाठीं नव्हती, संघासाठीं होती. हॉपकिन्स नसते तर ऑट्री होतेच. आणि एकदां तारीख मोडल्यावर तिच्याविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं, ही त्याहून मोठी चूक. हजारों लोक घरोघरीं, दुकानांत, नभोवाणीवर बोलत होते. ज्यांनीं त्या एका माणसाशीं बोलावयाचें ते बोलले कीं नाहीं हें शेवटपर्यंत कळलें नाहीं. आमच्या घरीं तरी दुसरें काय झालें होतें?

पुढील मोसमांत, २०२४ च्या फेब्रुवारींत, विद्यापीठानें घुमटांत बेहाइम यांचा गौरव केला. आजोबा, मुलगा, नातू तिघेही गेले होते, आणि आमचा पुतण्याही. पत्रांत त्यानें गौरवाच्या भाषणांविषयीं एक अक्षर लिहिलें नाहीं. लिहिलें तें एवढेंच कीं खेळ सुरू होतांच रिवाजाप्रमाणें सारे उभे राहिले, आणि आजोबांना गुडघ्यांमुळें उभें राहवेना, तेव्हां एका बाजूनें नातवानें व दुसऱ्या बाजूनें यानें त्यांना धरलें होतें.

ऑट्री यांचा पहिला मोसम बरा गेला. २० विजय, १२ पराभव. दुसरा, २०२४-२५ चा, वाईट गेला: १४ विजय आणि १९ पराभव. बेहाइम यांच्या सत्तेचाळीस वर्षांत इतका वाईट मोसम एकही नव्हता. पुतण्याचें शिक्षण संपून तो आतां तेथेंच नोकरीस लागला होता आणि खोली त्यानें सोडली नव्हती. २०२५ च्या उन्हाळ्यांत आलेल्या त्याच्या पत्रावरून कळलें कीं मेजावर पुन्हा वाद पेटला आहे. आतां नातू म्हणतो कीं हा वस्तादही बदला. आणि आजोबा, कपाटावरचा १११६ चा कागद तसाच ठेवून, त्याला समजावतात कीं ड्यूकच्या त्या माणसाचे पहिल्या तीन वर्षांत ४७ पराभव झाले होते, ऑट्रीला अजून दोनच वर्षें झालीं आहेत, जरा दम धर.